निघून जाणाऱ्या मुलांचा संघ : संयुक्त अरब अमिरातीतील किशोर आइस हॉकी

एखाद्या क्रीडासंघाचा इतिहास सहसा त्याच्या खेळाडूंच्या पिढ्यांमधून सांगितला जातो; लहान गटात खेळलेला मुलगा मोठ्या गटात जातो, पुढे प्रशिक्षक होतो आणि कालांतराने त्याचा मुलगा त्याच मैदानावर उतरतो. संयुक्त अरब अमिरातीतील मुलांच्या आइस हॉकी संघांच्या बाबतीत ही साखळी दुसऱ्या-तिसऱ्या कडीलाच तुटते, कारण या संघांतील बहुसंख्य मुले परदेशी नोकरदारांची असतात आणि वडिलांचा किंवा आईचा करार संपला की खेळाडूही देश सोडतो. त्यामुळे तेथील किशोर संघ दरवर्षी त्याच नावाने उभा राहतो, परंतु त्यात खेळणारी मुले मात्र सतत बदलत राहतात. दुसरीकडे याच देशाच्या राष्ट्रीय संघात केवळ नागरिकांनाच प्रवेश असल्याने, एकाच रिंकवर घडलेल्या या खेळाचे दोन इतिहास समांतर चालत आलेले आहेत.

आइस हॉकी हा गोठवलेल्या पाण्यावर, पोलादी पात्यांचे बूट घालून खेळला जाणारा खेळ असून त्यात चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती, म्हणजे पक, वापरतात. एका वेळी प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू बर्फावर असतात, सामना 20 मिनिटांच्या तीन भागांत खेळला जातो आणि खेळाडूंची अदलाबदल खेळ न थांबवता करता येते. ‘ज्युनिअर’ या शब्दाला या खेळात नेमका अर्थ आहे. 1908 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या व्यवस्थेत 20 वर्षांखालील गटाला ज्युनिअर म्हणतात, या गटाची अधिकृत जागतिक स्पर्धा 1977 पासून होत आली आहे, तर 18 वर्षांखालील मुलांसाठी 1999 पासून स्वतंत्र जागतिक स्पर्धा आहे. कॅनडात साधारण 16 ते 20 या वयातील मुलांचे ज्युनिअर संघ हा व्यावसायिक हॉकीकडे जाणारा रस्ता मानला जातो आणि लहान गावांची ओळखही पुष्कळदा अशा संघाशी जोडलेली असते. अमिरातीत मात्र हा शब्द सैलपणे वापरला जातो. पाच-सहा वर्षांच्या, नुकत्याच उभे राहायला शिकलेल्या मुलांपासून बारावीच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळेच त्यात येतात.

उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या प्रदेशात हा खेळ आला, तो तेलाच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या करमणूक-केंद्रांबरोबर. दुबईच्या ऊद मेथा भागातील अल नस्र लेझरलँड 1979 मध्ये सुरू झाले, अबू धाबीत झायेद स्पोर्ट्स सिटीच्या आवारात रिंक आली, आणि 1985 मध्ये अल ऐन येथे सुरू झालेल्या हिली फन सिटी या उद्यानाबरोबर त्या शहरालाही बर्फ मिळाले. देरा भागातील हयात गॅलेरियामध्ये एक छोटी रिंक होती. दुबई मॉलमधील ऑलिंपिक मापाची रिंक 2008 ची, म्हणजे या मानाने बरीच उशिराची. परंतु बाहेरून येणाऱ्या पर्यटकाला तीच दिसते आणि त्यामुळे वाळवंटातील हॉकी हे मॉलच्या युगाचे अपत्य आहे असा समज सहज होतो. वस्तुस्थिती अशी की त्या मॉलचे दरवाजे उघडले तेव्हा या देशात हॉकी शिकलेली एक पिढी प्रौढ झालेली होती.

कृत्रिम रिंकची रचना समजून घेतली की या खेळाचा खर्च आणि त्याच्या वेळापत्रकातील ओढाताण दोन्ही उलगडतात. काँक्रीटच्या तळात नळ्यांचे जाळे बसवलेले असते, त्यांतून अतिथंड केलेले खारे पाणी किंवा ग्लायकॉलचे मिश्रण फिरवले जाते, आणि तळावर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवून जेमतेम तीन-चार सेंटिमीटर जाडीचे बर्फ तयार केले जाते. खेळाच्या रेषा याच थरांमध्ये रंगवलेल्या असतात. हॉकीला कठीण बर्फ लागते, म्हणून त्याचे तापमान शून्याखाली साधारण पाच-सहा अंशांवर ठेवतात, तर कलात्मक स्केटिंगसाठी थोडे मऊ बर्फ पसंत केले जाते. एकच रिंक दोघांनी वापरायची म्हटली की कुरबुरी आल्याच. आखाती किनाऱ्यावर उष्णतेपेक्षाही त्रासदायक ठरते ती हवेतील आर्द्रता. दमट हवा आत शिरून बर्फाला भिडली की पृष्ठभागावर धुके धरते आणि पक दिसेनासा होतो, त्यामुळे इमारतीची हवा सतत कोरडी ठेवावी लागते. सामन्याच्या भागांदरम्यान बर्फावरून फिरणारे यंत्र वरचा ओरखडलेला थर खरवडून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर पसरते. गरम पाणी जुन्या बर्फाचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते, म्हणून ते थंड पाण्यापेक्षा उपयोगी पडते. हे यंत्र फ्रँक झांबोनी यांनी 1949 मध्ये कॅलिफोर्नियातील पॅरामाउंट या उबदार हवेच्या गावी सिद्ध केले होते. तेव्हा उष्ण प्रदेशातील हॉकी ही आखाताची नवलाई नव्हे. एवढ्या खर्चाने राखलेले बर्फ मात्र तिकीट काढून येणाऱ्या हौशी लोकांना दिवसभर खुले ठेवणे मालकाला परवडते, आणि संघांच्या वाट्याला भल्या सकाळचे किंवा रात्री उशिराचे तास येतात.

या तासांवर दुबईतील संघटित हॉकी वाढली. कॅनडा, अमेरिका, फिनलंड, स्वीडन, रशिया, चेक प्रजासत्ताक अशा देशांतून आलेले अभियंते, वैमानिक, बँकवाले आणि शिक्षक यांनी आपली सवय सोबत आणली. प्रौढांचा ‘दुबई मायटी कॅमल्स’ हा संघ त्यांच्यातूनच उभा राहिला आणि त्याच्या वार्षिक स्पर्धेसाठी आखातातून व आशियातून हौशी संघ येऊ लागले. मुलांसाठी ‘दुबई सँडस्टॉर्म्स’ हा वेगळा क्लब झाला. अशा क्लबात वयोगट दोन-दोन वर्षांच्या अंतराने पाडलेले असतात, सर्वांत लहान मुलांना पूर्ण रिंकऐवजी तिच्या आडव्या तुकड्यावर खेळवतात, मुली बराच काळ मुलांबरोबरच खेळतात, आणि प्रशिक्षण बहुतांशी खेळ येणाऱ्या पालकांच्या स्वयंसेवेवर चालते. हंगाम शाळेच्या वर्षाशी बांधलेला असतो, कारण जून उजाडला की परदेशी कुटुंबे सुटीसाठी मायदेशी जातात. रमजानमध्ये सराव रात्रीकडे सरकतो. सामन्यांचा वारही कायम राहिलेला नाही, कारण देशाची साप्ताहिक सुटी 2006 मध्ये गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आणि 2022 मध्ये शनिवार-रविवारवर आली.

या व्यवस्थेतील खरा पेच वयाच्या अठराव्या वर्षाशी येतो. अमिरातीत परदेशी माणसाचा निवासपरवाना परंपरेने नोकरीशी जोडलेला असे आणि मुले वडिलांच्या परवान्यावर राहत. मुलगा 18 वर्षांचा झाला की, शिक्षण चालू असल्याची सवलत सोडता, ही मुभा संपत असे. 2022 च्या नव्या नियमांनी ही मर्यादा 25 वर्षांवर नेली, परंतु तोवर विद्यापीठासाठी बाहेर जाण्याची रीत पक्की झालेली होती. म्हणजे ज्या वयात कॅनडातला मुलगा ज्युनिअर हॉकीच्या ऐन भरात असतो, त्याच वयात दुबईतला मुलगा सामान बांधतो. नागरिकांच्या मुलांनाही याच वयात खंड पडतो, कारण 2014 च्या कायद्याने एमिराती पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची झाली आणि ती शालेय शिक्षण संपताच सुरू होऊ शकते. अमिरातीत किशोर हॉकी पुष्कळ असूनही 20 वर्षांखालील सकस गट उभा राहणे अवघड का जाते, याचे उत्तर खेळाडूंच्या गुणवत्तेपेक्षा या दोन नियमांत अधिक सापडते.

दुसरी धारा, म्हणजे एमिराती नागरिकांची हॉकी, प्रामुख्याने अबू धाबी आणि अल ऐन येथे वाढली. तेथील रिंकवर मौजेखातर येणारी स्थानिक मुले परदेशी खेळाडूंचे पाहून काठी हाती धरू लागली, आणि 2001 मध्ये देशाला आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्यत्व मिळाले. 2009 मध्ये अबू धाबीत भरलेला आशियाई चॅलेंज कप, म्हणजे आइस हॉकीत दुय्यम मानल्या जाणाऱ्या आशियाई देशांसाठीची महासंघाची स्पर्धा, यजमानांनी जिंकली. त्याच सुमारास देशांतर्गत लीग सुरू झाली, तीत अबू धाबी स्टॉर्म्स, अल ऐन वायपर्स हे संघ आणि परदेशी रहिवाशांचे मायटी कॅमल्स, अबू धाबी स्कॉर्पियन्स असे संघ एकमेकांसमोर आले, आणि 2010 मध्ये लक्झेंबर्ग येथे राष्ट्रीय संघ जागतिक स्पर्धेच्या तिसऱ्या विभागात उतरला. पुढील वर्षांत तो दुसऱ्या विभागापर्यंत चढला, परंतु या चढाईत बाहेरून येऊन नागरिकत्व मिळवलेल्या खेळाडूंचा हात मोठा आहे. महासंघाच्या नियमानुसार राष्ट्रीय संघासाठी नागरिकत्व अनिवार्य असते आणि नव्याने नागरिकत्व घेतलेल्याला त्या देशात काही वर्षे खेळल्याचेही दाखवावे लागते. अमिरातीत जन्मून, तेथेच स्केटिंग शिकून, दहा वर्षे खेळलेल्या परदेशी मुलाला मात्र जन्माने नागरिकत्व मिळत नाही. 2021 मध्ये निवडक तज्ज्ञ, गुंतवणूकदार आणि कलावंतांसाठी नागरिकत्वाचे दार किलकिले झाले, पण किशोर खेळाडूंच्या दृष्टीने त्याने फारसे काही बदललेले नाही. नागरिकांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे 10 टक्केच असलेल्या देशात राष्ट्रीय संघाची निवड अशा रीतीने फार लहान वर्तुळातून करावी लागते.

या लहान वर्तुळातूनही फातिमा अल अली यांच्यासारखे नाव पुढे आले. छायाचित्रे काढण्यासाठी रिंकवर जाणाऱ्या फातिमा पुढे स्वतः खेळू लागल्या. त्यांच्या काठीवरील हुकमतीची चित्रफीत अबू धाबीत आलेले माजी व्यावसायिक खेळाडू पीटर बोंड्रा यांनी जगासमोर आणली, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स या नामांकित अमेरिकी संघाने त्यांना पाहुणी म्हणून बोलावून सामन्याआधी पक टाकण्याचा मान दिला.

भारतीय वाचकाला या इतिहासात आपले धागेही सापडतात. भारताच्या पुरुष संघाने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिले पाऊल टाकले ते अबू धाबीच्या 2009 च्या त्याच आशियाई चॅलेंज कपमध्ये, आणि भारतीय महिलांनी 2025 मध्ये महासंघाच्या महिला आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवले तेही अल ऐन येथे. दोन्ही संघांत भरणा लडाखच्या खेळाडूंचा, ज्यांना गोठलेल्या तळ्यांवर वर्षाकाठी दोन-तीन महिनेच बर्फ मिळत आले. अमिरातीत राहणाऱ्या 35 लाखांहून अधिक भारतीयांपैकी मराठी कुटुंबे मुलांना रिंकवर नेतात ती बहुधा वाढदिवसाला किंवा सुटीच्या दिवशी. नियमित शिकवणी लावायची तर क्रिकेट आणि बॅडमिंटन यांनाच पसंती मिळते, आणि अंगभर संरक्षक साहित्याचा खर्च पाहता तिला दोष देता येणार नाही. तरीही ज्या मोजक्या भारतीय मुलांनी हा खेळ धरला, त्यांची स्थिती इतर परदेशी मुलांपेक्षा एका बाबतीत बरी आहे. कॅनडा किंवा फिनलंडच्या राष्ट्रीय संघात शिरण्याची आशा दुबईत शिकलेल्या मुलाने बाळगणे व्यर्थच. भारताचा पारपत्रधारक असलेल्या मुलाला मात्र भारतीय संघाचे दार नियमाने खुले आहे आणि बारमाही बर्फाचा सरावही त्याच्या गाठीशी आहे. अडचण एवढीच की भारतातील महत्त्वाच्या स्पर्धा लडाख-हिमाचलच्या बर्फावर जानेवारी-फेब्रुवारीत होतात, आणि आखातातील भारतीय शाळांत नेमक्या त्याच दिवसांत दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षांची तयारी चालू असते.