इम्युनोथेरपीच्या जोडीला कोणतं औषध?

गेल्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंचा कर्जाचा अर्ज आला. मिस्टरांना किडनीचा कॅन्सर. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, "भावकीतल्या एकाला तोंडाच्या कॅन्सरवर केमो आणि इम्युनोथेरपी एकत्र दिली, तुम्हीही तेच मागा." कर्ज ठरवण्याआधी मी जरा माहिती काढली, तीच सांगते.

केमो म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशी मारणारं औषध. केसांच्या मुळाशीही तशाच पेशी, म्हणून केस जातात. इम्युनोथेरपीचं काम निराळं. शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. कॅन्सर त्यांना 'मी घरचाच' असं भासवतो, आणि ओळखीच्या माणसावर कुत्रा भुंकत नाही तशा त्या गप्प बसतात. हे इंजेक्शन ती फसवणूक मोडतं. पण मोकळा सुटलेला कुत्रा कधी घरच्यांनाही चावतो. जुलाब लागले, दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं तोंड-घशाच्या, फार पुढे गेलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर अभ्यास केला. 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना रोजच्या-आठवड्याच्या स्वस्त गोळ्या. अर्ध्यांना त्याच गोळ्या, शिवाय निवोलुमॅब हे इंजेक्शन, तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम. एरवी दर दोन आठवड्यांना 240 देतात! वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरचे शंभरात 16 हयात होते, इंजेक्शनवाले 43. बरे झाले असं नव्हे, पण दिवस मिळाले. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या अजून आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

किडनीचं मात्र वेगळं. या कॅन्सरवर नेहमीची केमो फारशी चालत नाही. तिथे जोडीला दुसरी इम्युनोथेरपी, नाहीतर गाठीचा रक्तपुरवठा रोखणाऱ्या गोळ्या देतात. अमेरिकेत अशा गोळी-इंजेक्शनच्या जोडीला 2019 मध्ये मान्यता मिळाली. टाटाचा कमी डोसही तोंड-घशासाठी तपासलेला. तो किडनीला चालेल असं आपणच ठरवायचं नाही.

ताईंना मी चार प्रश्न वहीत लिहून दिले. इंजेक्शन कोणतं, जोडीला काय, किती वेळा, आणि महात्मा फुले योजनेत यातलं काय बसतं? शेवटचा प्रश्न हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारायचा.

अर्ज आम्ही मंजूर केला, पण सध्या प्रवास, मुक्काम आणि तपासण्यांपुरताच. औषधाचा कागद हातात आला की पुन्हा बसू.