वयावर भाव ठरत नाही : पेटीचा ग्रामोफोन विकताना

घरातला चावीचा पेटी-ग्रामोफोन विकायला काढला की हिशेब बहुधा वयापासून सुरू होतो. आजोबांच्या काळचा आहे, म्हणजे ऐंशी-नव्वद वर्षांचा. तेव्हा लाखभर तरी यायलाच हवेत. गफलत इथेच होते. एखाद्या यंत्राला किंमत येते ती त्याच्यासारखी किती उरली, त्यातलं मूळचं किती शाबूत आहे आणि ते नीट वाजतं का, यांवरून. आपल्याकडे सर्वांत ओळखीचं पोर्टेबल म्हणजे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चं 102 नंबरचं मॉडेल. ते 1931 मध्ये बाजारात आलं आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिलं. इतकी वर्षं कारखान्यातून निघत राहिलेली वस्तू दुर्मीळ कशी असेल? त्यातही काळ्या रंगाच्या पेट्या सर्वाधिक. लाल, निळी किंवा हिरवी पेटी तुलनेने कमी सापडते, म्हणून तेच यंत्र रंगीत पेटीत असेल तर संग्राहक जास्त पैसे मोजतो. वय सारखं असूनही भावात फरक पडतो, तो असा.

दुसरा भरवसा असतो ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या लेबलावरच्या कुत्र्याच्या चित्रावर. ते लेबल म्हणजे अस्सलपणाचा दाखला नव्हे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा ऑनलाइन दुकानांत झळाळत्या पितळी कर्ण्याचे जे ग्रामोफोन दिसतात, त्यांतले बरेचसे अलीकडे जुळवलेले असतात. पेटी नवी, कर्णा नवा, लेबलही नवं. गंमत म्हणजे त्यांच्या पोटातली मोटर मात्र अनेकदा खरी जुनी असते, आणि ती काढलेली असते कुठल्यातरी पोर्टेबलमधून. म्हणजे नकली कर्णेवाल्यासाठी अस्सल पेटीचा बळी गेलेला असतो. जाणकार म्हणूनच लेबलाशी थांबत नाही. साउंडबॉक्स (सुई बसते तो आवाजाचा गोल डबा) त्या मॉडेलचाच आहे का, तो धरणाऱ्या टोनआर्मच्या मुळाशी ओतीव धातूला तडा गेलाय का, पेटीवरचं रेक्झिन मूळचं आहे की नंतर चिकटवलेलं, हे तो पाहतो. भारतात 78 फेऱ्यांच्या तबकड्या 1960 च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे इथली यंत्रं दीर्घकाळ वापरात राहिली आणि हाताला येतील त्या सुट्या भागांनी दुरुस्तही झाली. विकण्याआधी पॉलिश, रंग, नवं रेक्झिन असा खर्च करणारे लोक भाव वाढवायला जातात आणि नेमकं संग्राहकाला हवं असलेलं तेच पुसून टाकतात. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढावी, बाकी काही करू नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही : शंभरातले नव्वद ग्राहक शोभेसाठीच घेतात, त्यांना साउंडबॉक्सचा नंबर काय कळणार? पण शोभेवाल्याला दिवाणखान्यात कर्णा दिसायला हवा असतो. पोर्टेबलचा कर्णा पेटीच्या आतच असतो, आणि झाकण लावलं की ती निव्वळ बॅग. या वस्तूचा खरा गिऱ्हाईक वाजवणारा किंवा जमवणारा असतो, आणि त्याला तपशील कळतात. ‘चालू स्थितीत’ हे शब्दही तो ऐकून सोडून देतो, कारण तबकडी नुसती फिरणं म्हणजे चालू असणं नव्हे. पूर्ण चावी दिल्यावर दहा इंची तबकडीची एक बाजू, म्हणजे साधारण तीन मिनिटं, वेग न ढळता वाजायला हवी. तबकडीवर कागदाची चिठ्ठी ठेवून मिनिटाला 78 फेऱ्या भरतात का, हे घरीही मोजता येतं. आवाज भसाडा येत असेल तर साउंडबॉक्समधलं रबर वाळून कडक झालेलं असण्याचा संभव मोठा. तो दुरुस्त होण्याजोगा दोष आहे, तो सांगून टाकावा. वाजवून दाखवताना पोलादी सुई नवी लावावी. ती एका बाजूपुरतीच असते, घासलेली सुई तबकडी खरवडते. आणि खाली एलपी तर कधीच ठेवू नये.

राहिला आकडा. इंटरनेटवर कोणी अमुक किंमत लिहिली, म्हणजे ती वस्तू तेवढ्याला गेली असं होत नाही. न विकल्यामुळेच ती जाहिरात वर्षभर तिथे टिकलेली असू शकते. पाहायचे ते झालेले व्यवहार, तेही त्याच मॉडेलचे, त्याच रंगाचे, तशाच स्थितीतले. लिलावगृहाच्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन धरलेलं असू शकतं आणि विकणाऱ्याच्या रकमेतूनही काही कापलं जातं, हे लक्षात ठेवावं. सोबत तबकड्यांची चळत दिली की भाव दुप्पट होतो, हीसुद्धा समजूतच. गाजलेल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच भरपूर, त्यामुळे त्यांनी यंत्राचा भाव फारसा वाढत नाही. पण चळतीत एखादी दुर्मीळ असू शकते, म्हणून तबकड्या यंत्राबरोबर न देता वेगळ्या दाखवाव्यात.

परदेशातून मागणी आली तर मात्र वयाला एकदम महत्त्व येतं, किमतीसाठी नव्हे, कायद्यासाठी. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली, ऐतिहासिक महत्त्वाची किंवा गतकाळातलं विज्ञान, कला दाखवणारी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. 102 च्या आधीचं 101 हे मॉडेल 1925 मध्ये आलं होतं, म्हणजे त्यातली पहिली यंत्रं आता शंभरी गाठलेली आहेत. अशी पेटी हाती असेल तर बाहेरच्या गिऱ्हाइकाला शब्द देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा.