मैदानातून उठलेला शब्द

सातारा-सांगलीकडे जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं, आणि जिंकणारा पैलवान मैदान मारतो. जागा, झुंज आणि विजय, तिन्ही एकाच शब्दात!

आता ‘चॅम्पियन’ घ्या. त्याच्या पोटात काय दडलंय? मैदानच! लॅटिनमध्ये ‘काम्पुस’ म्हणजे मोकळं रान. रोममध्ये टायबर नदीकाठच्या अशाच रानात सैनिक कवायत करत. मैदानात उतरून लढणारा तो ‘काम्पिओ’. फ्रेंचमार्गे हा शब्द तेराव्या शतकात इंग्रजीत पोचला. कॉलेजचा कॅम्पस, पुण्याचा कॅम्प, निवडणुकीचं कॅम्पेन ही त्याचीच भावंडं.

पण खरं नवल पुढेच आहे. या शब्दात ‘जिंकणं’ कुठेच नाही! मध्ययुगीन युरोपात काही खटल्यांचा निकाल द्वंद्वाने लागे. जो लढाईत टिकला, त्याचं खरं. मग म्हाताऱ्यांनी, बायकांनी, धर्मगुरूंनी काय करायचं? ते आपल्या वतीने लढायला दुसरा माणूस उभा करत. तो त्यांचा चॅम्पियन. इंग्लंडमध्ये ही तरतूद १८१९पर्यंत कायद्यात होती, विश्वास बसतो? खुद्द राजालाही चॅम्पियन असे. राज्याभिषेकाच्या मेजवानीत तो चिलखत घालून, घोड्यावर बसून थेट आत शिरे आणि हातमोजा जमिनीवर फेकून आव्हान देई: राजाचा हक्क नाकारणाऱ्याने तो उचलावा! १८२१मध्ये चौथ्या जॉर्जच्या वेळी हा सोहळा शेवटचा झाला. ‘सगळ्यांना हरवणारा’ हा अर्थ रुळला तो अठराव्या शतकापासून.

म्हणजे चॅम्पियन मुळात दुसऱ्यांसाठी मैदानात उतरणारा. हे कळलं आणि मला कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव आठवले. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा तिसरे आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य. आजच्या अर्थाने ते आपल्या वजनगटाचे चॅम्पियन नव्हेत. जुन्या अर्थाने मात्र पुरेपूर! कराड स्टेशनापासून त्यांची मिरवणूक निघाली, ती शंभराहून अधिक बैलगाड्यांची.

आणि त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि बक्षिसाची रक्कम त्या प्राचार्यांच्या हाती ठेवली.