आधी वजनकाटा, मग पाना

गाडी घेऊन आलेल्या माणसाला मी आधी वजनकाट्यावर उभं करतो. तेही बूट, हेल्मेट, छातीचे आणि गुडघ्यांचे गार्ड, पाठीवरची पाण्याची पिशवी असं सगळं चढवून. काहीजण लाजतात, काहीजण बूट काढू का म्हणून विचारतात. नको. चिखलात तुम्ही बुटांसकटच जाणार आहात. अंगावरचं हे सामान सात-आठ किलो सहज भरतं, आणि ते तुमच्याबरोबर स्प्रिंगलाच उचलायचं असतं.

मी भोसरीत, एका स्प्रिंगच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढली. तार गुंडाळण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी लोड टेस्टिंगला येऊन टेकलो. आता घरामागच्या शेडमध्ये भंगारातून घेतलेला, दुरुस्त केलेला एक जुना लोड टेस्टर आहे. मुळशी, मावळ, भोरकडच्या कच्च्या वाटांवर गाड्या घालणारी पोरंपोरी तिथे येतात. बहुतेकांकडे हीरोची एक्सपल्स नाहीतर एन्फील्डची हिमालयन. तक्रारी दोनच. एक, ‘काका, पुढून गाडी बसते.’ दुसरी, ‘काका, पुढून टणक लागते, हात भरून येतात.’ आणि नळीच्या डोक्यावरचा बोल्ट थोडा पिळला की दोन्ही मिटतील, अशी दोघांचीही समजूत असते.

पुढचा शॉकअप उघडला तर आत फार काही नसतं. दोन नळ्या, प्रत्येकीत एक लांब स्प्रिंग, तिच्याभोवती तेल आणि तेलाच्या वर कोंडलेली हवा. स्प्रिंग गाडी तोलून धरते. तेल तिच्या उसळीला आवर घालतं. हवा शेवटच्या दणक्याला मदतीला येते. लोक मात्र एकाची उणीव दुसऱ्याकडून भरून काढायला बघतात. गाडी बसते ना, मग दाट तेल भरा. दाट तेलाने गाडी हळू बसते, पण बसते तेवढीच. आणि वर यायलाही वेळ लावते. दगडांच्या वाटेवर एक खड्डा गिळून नळी पूर्ण लांब व्हायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. नळी आखडतच जाते, आणि मऊ गाडी टणक लागू लागते.

स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिलिमीटरमध्ये सांगतात, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात ते. मोटोक्रॉसच्या मोठ्या गाड्यांत एका नळीतली स्प्रिंग साधारण अर्ध्या किलोची असते, दोन्ही मिळून एक किलो. जेवढं दाबाल त्या प्रमाणात जोर, हा नियम रॉबर्ट हूकचा. त्याने तो १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि उलगडा केला १६७८ मध्ये. शोध आपल्या नावावर लागावा, पण दोन वर्षं कुणाच्या हाती लागू नये, असा हिशोब. आमच्या कारखान्यातल्या जुन्या फोरमनची वृत्ती याहून फार वेगळी नव्हती.

आता बोल्ट पिळणाऱ्यांचं बघू. तो बोल्ट, किंवा झाकणाखाली घातलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा, स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवतो. यालाच प्रीलोड म्हणतात. हिशोब सोपा जावा म्हणून दोन्ही मिळून एक किलोचीच स्प्रिंग धरा. प्रीलोड १० मिलिमीटरने वाढवला, तर नळी आखडायला लागण्यापूर्वी आणखी १० किलो लागतील. पण त्यानंतर? प्रत्येक मिलिमीटरला एकच किलो, पूर्वीइतकाच. स्प्रिंग कडक झाली नाही. गाडी पुढून १० मिलिमीटर उंच उभी राहिली, एवढंच. पोरांच्या मनातून ही एक गोष्ट काढायला मला सगळ्यात जास्त चहा पाजावा लागतो.

स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे की नाही हे ओळखायला साधी टेप पुरते. गाडी स्टँडवर किंवा ठोकळ्यावर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा. नळीवरच्या धुळीच्या रबरापासून नळ्यांना धरणाऱ्या वरच्या पट्टीपर्यंतचं अंतर मोजा. ही पूर्ण लांब नळी. मग गाडी जमिनीवर, सरळ, तुमच्याविना. पुन्हा मोजा. जो फरक आला तेवढी गाडी स्वतःच्या वजनाने बसली. मग तुम्ही सगळा साज चढवून फूटपेगवर उभे राहा, कुणाला तरी गाडी हलकेच धरायला सांगा, आणि तिसऱ्यांदा मोजून घ्या. दर वेळी दोनदा मोजायचं. एकदा हँडल दाबून हळूच वर येऊ द्यायचं, एकदा उचलून हळूच बसू द्यायचं, आणि मधला आकडा घ्यायचा. या दोन आकड्यांत फार अंतर पडलं तर स्प्रिंगचा विचार बाजूला ठेवा. नळी कुठेतरी घासतेय. चाक काढून बसवताना दोन्ही नळ्या समांतर न राहिल्याने हे अनेकदा होतं. एक्सलच्या बाजूचा पकडबोल्ट सैल करून शॉकअप चार-सहा वेळा दाबा, नळ्या आपोआप जागेवर येतात, मग बोल्ट आवळा.

साध्या एक्सपल्सचं पुढचं चाक १९० मिलिमीटर वर-खाली होतं. माणूस बसल्यावर त्यातलं पाव ते एक-तृतीयांश अंतर खर्च व्हावं, म्हणजे साधारण ४८ ते ६३ मिलिमीटर. ही उधळपट्टी नाही. चाकाला खड्ड्यात खालीही जायचं असतं, तेव्हा खाली जायला जागा शिल्लक हवी.

साजासकट शंभर किलो भरणारा एक गृहस्थ घ्या. गाडी स्वतःच्या वजनाने ३० मिलिमीटर बसते आणि हा चढला की ७५. प्रीलोड १८ मिलिमीटरने वाढवला की ७५ चे ५७ होतात. गृहस्थ खूश. पण आता त्याला उतरवून मोजा. गाडी एकटी जेमतेम १२ मिलिमीटर बसतेय. चाकाला खाली जायला जागाच उरली नाही. उतारावरून सुटताना, उंचवट्यावर गाडी हलकी होताना नळी वरच्या टोकाला खट्ट करून आपटते आणि चाक जमीन सोडतं. मोठ्या दणक्याला ती पूर्वीसारखीच तळाकडे धावते, कारण स्प्रिंग तीच मऊ आहे. माणसासकट आकडा बरोबर आणि गाडीचा एकटीचा आकडा फार कमी, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ. इथे पाना ठेवून द्यायचा आणि कडक स्प्रिंग शोधायची.

उलटही असतं. ५४ किलोची एक मुलगी रॅली किट घातलेली एक्सपल्स घेऊन आली होती. त्या किटमध्ये पुढचं चाक २५० मिलिमीटर हलतं आणि प्रीलोड वरूनच फिरवता येतो. ही गाडी जुनी घेतलेली, आधीच्या वजनदार मालकाने स्वतःसाठी आणखी कडक स्प्रिंगा टाकलेल्या. ती म्हणाली, वळणावर पुढचं चाक ऐकतच नाही, सरळ निघून जातं. प्रीलोड सैल करत तिचा आकडा ६५ वर आणला, तेव्हा गाडी एकटीच ४५ मिलिमीटर बसलेली दिसली. म्हणजे तिच्या वजनाने जेमतेम २० चा फरक पडत होता. स्प्रिंगला ती चढल्याची धड दखलच नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, कडक शॉकअप हीच शर्यतीची गाडी, मनगटं कमव. मनगटं कमावण्याचा सल्ला देणाऱ्यांना मी माझ्या काट्यावर एकदा उभं करू इच्छितो.

कडक स्प्रिंग आणि मऊ स्प्रिंग शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही, आणि इथे माझा जीव रमतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. साडेचार मिलिमीटरची तार ४.७ केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग १९ टक्के कडक. दोन दशांश मिलिमीटर! शंभर किलोच्या आपल्या गृहस्थाला हवा होता तो फरक साधारण एवढाच. म्हणून स्प्रिंग घेताना तिचा रंग किंवा डब्यावरचं चित्र पाहू नका. कडकपणा किती किलो प्रति मिलिमीटर, ते विचारा. दुकानदाराला सांगता आला नाही तर टेस्टरवर कळतं.

तारेशिवाय वेटोळ्यांची संख्याही महत्त्वाची. काही गॅरेजवाले स्प्रिंगची दोन-चार वेटोळी कापून देतात. गाडी खाली बसते म्हणून लोकांना वाटतं स्प्रिंग मऊ झाली. ती कडक होते. चाळीस चालती वेटोळी होती, चार कापली, तर कडकपणा सुमारे ११ टक्के वाढला. कमी झाली ती लांबी, आणि ती पाइपच्या तुकड्याने भरून काढावी लागते. हिशोबाने हे चालतं. पण कापलेलं टोक घासून सपाट केलेलं नसतं, स्प्रिंग आत तिरकी बसते आणि नळीला ओरखडे पाडते. मला विचाराल तर कापू नका.

नळी उघडायची तर क्रम सांभाळा. वरच्या पट्टीचा पकडबोल्ट आधी सैल करा, नळी गाडीवर असतानाच झाकण थोडं सैल करून घ्या, आणि शेवटचे आटे सुटताना झाकण तळहाताने दाबून धरा, तोंड बाजूला ठेवून. आतली स्प्रिंग दाबलेली आहे, ती झाकण उडवते. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. जुनी स्प्रिंग कायमची आखूड होते.

तेलाची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, नळी पूर्ण दाबून, वरच्या काठापासून मोजतात. दोन्ही नळ्यांत सारखीच हवी. वर उरलेल्या हवेची करामत बघा. १९० मिलिमीटर हलणाऱ्या नळीत १५० मिलिमीटर हवा ठेवली, तर नळी पूर्ण आखडल्यावर ती ढोबळमानाने सव्वादोन पट दाबली जाते. तेल वाढवून हवा १३० वर आणली, तर जवळपास अडीच पट. सुरुवातीच्या हालचालीत फरक जाणवत नाही, शेवटच्या तुकड्यात मात्र नळी चांगलीच ताठ होते. स्प्रिंग वजनाची आहे, पण कधीमधी तळाला आपटते, एवढ्याच तक्रारीसाठी तेल पाच-दहा मिलिमीटरने वाढवावं. त्याहून जास्त भरलं तर ऑइल सील फुटायला आमंत्रण.

मग गाडी नेहमीच्या वाटेवर न्या. नळीवर प्लॅस्टिकचा एक बारीक टाय बांधून तो धुळीच्या रबराला टेकवून ठेवा. संध्याकाळी तो जिथे सरकलेला दिसेल तिथवर नळी आखडली. दिवसातल्या सगळ्यात वाईट दणक्याला टाय जवळजवळ टोकाला जायला हवा. अर्ध्यातच थांबला, तर निम्मा शॉकअप तुम्ही नुसता मिरवताय. मागे तंबू, कपडे बांधून कोकणात उतरणार असाल तर मोजणी सामानासकट पुन्हा करायची.

पुढचं जमलं की बरेचजण आठवड्याभरात परत येतात, ‘काका, आता मागून गाडी बसल्यासारखी वाटते.’ ती पूर्वीपासूनच बसत होती. पुढचंही तेवढंच बसलेलं असल्याने कळत नव्हतं. टेप तीच, काटाही तोच. पण मागे एकच स्प्रिंग असते, मध्ये लिंकेज येतं, आणि तिथे चाक जेवढं हलतं तेवढी स्प्रिंग दबत नाही. तिचा हिशोब पहिल्यापासून मांडावा लागतो, आणि त्यासाठी मी त्यांना रविवारी सकाळी बोलावतो, नाश्ता करून, साजासकट.