मुंबई मॅरेथॉनला जाताना वेळेचा उलटा हिशेब

मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली आणि ती साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. आपल्या पेडणे-डिचोली भागातून पहिल्यांदाच जाणारे बहुतेक जण प्रवासाचा विचार नेहमीच्या सवयीने करतात: शनिवारी संध्याकाळी कोकणकन्येत बसायचे आणि पहाटे मुंबईत उतरायचे. लग्नाला किंवा इस्पितळाच्या कामाला ही रीत ठीक आहे, शर्यतीला मात्र ती चालत नाही. कित्येक महिन्यांचा सराव त्यापायी वाया जाऊ शकतो.

कारण सरळ आहे. कोकणकन्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पहाटे पावणेसहाच्या सुमारास पोहोचते. पूर्ण मॅरेथॉन त्याच स्टेशनासमोरून सुटते, पण पहाटे पाचच्या सुमारास. म्हणजे गाडी अगदी वेळेवर आली तरी शर्यत निघून गेलेली असते.

शनिवारी सकाळची मांडवी घेतली तर? ती रात्री साडेनऊ-दहाला पोहोचते. झोपायला वेळ मिळतो, पण छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, मिळत नाही. वेळ मोजणारी चिप या बिबलाच असते. अलीकडच्या वर्षांत बिब वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये गुरुवार ते शनिवार या दिवसांत देतात. शर्यतीच्या दिवशी ते मिळत नाही. ड्रीम रन आणि ज्येष्ठ नागरिकांची दौड उशिरा सुटते, तरी त्यांनाही हाच नियम आहे.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने मांडावा. रविवारी पहाटे चार वाजता सुरुवातीच्या जागी हजर, शनिवारी पूर्ण विश्रांती, शुक्रवारी बिब, म्हणजेच गुरुवारी संध्याकाळी गोव्यातून प्रस्थान. डिचोलीकरांना थिवी स्टेशन सोयीचे. पेडणेकरांनी आपल्या स्टेशनावर त्या गाडीचा थांबा आहे का ते पाहून तिकीट काढावे. आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यालाच जागे व्हावे लागते.

मुंबईत उतरल्यावर बिब आणण्यासाठी मेट्रो-3 सर्वांत सोपी. ऑक्टोबर 2025 पासून ती कफ परेडपर्यंत सुरू झाली असून सीएसएमटीहून थेट बीकेसीला जाते. ओळखपत्र आणि नोंदणीची पावती सोबत ठेवावी.

खरा प्रश्न रविवारच्या पहाटेचा. सी लिंकसह अनेक रस्ते वाहनांना बंद असतात, त्यामुळे टॅक्सीवर भरवसा ठेवू नये. लोकल मात्र रुळांवरून धावते, तिला रस्ताबंदीची अडचण नाही. नेहमीच्या लोकल मध्यरात्रीनंतर काही तास बंद असतात, म्हणून मध्य आणि पश्चिम रेल्वे त्या दिवशी पहाटे तीनच्या आसपास धावपटूंसाठी जादा लोकल सोडतात. त्यांच्या वेळा काही दिवस आधी वर्तमानपत्रांत येतात. नातेवाईक कल्याण, पनवेल किंवा बोरिवलीला असतील तर या वेळा पाहूनच मुक्काम ठरवावा. गिरगावात कोणी असेल तर उत्तमच, तिथून चालतही जाता येते.

सुरुवातीची जागाही तपासून घ्यावी. अलीकडे अर्धमॅरेथॉन माहीम रेती बंदर येथून सुटते. तिथे जायचे असताना सीएसएमटी गाठले तर उलट फिरण्यास वेळ उरत नाही.

लंडनची मॅरेथॉन 1981 पासून चालते. तिथेही सुरुवात ग्रिनिच-ब्लॅकहीथला आणि शेवट शहराच्या मध्यभागी असतो. धावपटू बिब दाखवून त्या बाजूच्या गाड्यांतून मोफत जातात. मुंबईत बिब म्हणजे तिकीट असे धरून चालू नये. परतीचे लोकल तिकीटही मोबाईलवर काढायची तयारी ठेवावी, कारण स्टेशनावर गर्दी असते.

परतताना रविवारचा मेगाब्लॉक लक्षात ठेवावा. सकाळी अकरानंतर काही मार्गांवर दुपारी उशिरापर्यंत लोकल विस्कळीत असतात. त्यामुळे शर्यत संपल्यावर रेंगाळू नये, मुक्कामी जाऊन जेवावे, झोपावे आणि रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी कोकणकन्या धरावी. सोमवारी सकाळी आपण गोव्यात असतो.

गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी. घरच्यांनी धावणाऱ्याला एवढी एक मदत जरूर करावी: वेळापत्रक आपण सांभाळावे, त्याला फक्त धावू द्यावे.