कॅमेऱ्याऐवजी लेझर: माणूस आणि झाड एकाच ठिपक्यांचे झाले तर?

२००८ मध्ये रेडिओहेड या ब्रिटिश बँडच्या 'हाऊस ऑफ कार्ड्स' गाण्याचा व्हिडिओ आला. त्यात गायक थॉम यॉर्क यांचा चेहरा ठिपक्यांनी बनलेला दिसतो आणि गाता गाता विस्कटतो. नेहमीचे कॅमेरे आणि दिवे न वापरता तो तयार झाला होता. चेहऱ्यासाठी थ्रीडी स्कॅनर वापरला आणि रस्ते-घरांसाठी ६४ लेझर असलेला फिरता स्कॅनर.

लेझर स्कॅनर काम कसं करतो?

तो लेझरचा किरण सोडतो. किरण वस्तूवर आदळून परततो. जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. वस्तू १० मीटरवर असेल तर हा प्रवास सेकंदाच्या दीड कोटीव्या भागात होतो! प्रत्येक किरणामागे एक ठिपका, असे लाखो ठिपके जमले की जागेचा थ्रीडी नकाशा तयार होतो. याला 'पॉइंट क्लाउड' म्हणतात.

सर्वेक्षणासाठी बनलेलं हे यंत्र कलाकारांना का आवडलं?

फोटोत माणूस मुख्य असतो आणि झाडं-डोंगर मागे असतात. स्कॅनर हा भेद करत नाही. त्याच्यासाठी गाल, झाडाची साल, बर्फ, सगळे ठिपकेच. मग शरीर कुठे संपतं आणि भोवताल कुठे सुरू होतो, हा प्रश्न आपोआप समोर येतो.

लंडनच्या 'मार्शमॅलो लेझर फीस्ट' या कलाकारांच्या गटाने हाच धागा पकडला. २०१८ मध्ये साची गॅलरीत त्यांनी 'वी लिव्ह इन अॅन ओशन ऑफ एअर' हा व्हीआर अनुभव मांडला. त्यात स्कॅन केलेलं महाकाय सिकोया झाड होतं. प्रेक्षकांच्या अंगावर श्वास आणि हृदयाचे ठोके टिपणारे सेन्सर लावले जात. आपला उच्छ्वास ठिपके होऊन हवेत पसरताना त्यांना दिसायचा. झाड आणि माणूस एकाच हवेवर जगतात, हे शाळेत वाचलेलं वाक्य तिथे डोळ्यांसमोर घडायचं.

'स्कॅनलॅब प्रोजेक्ट्स' या लंडनच्याच स्टुडिओने २०११ मध्ये आर्क्टिकमधले तरंगते हिमखंड स्कॅन केले. पुढे २०१३ च्या प्रदर्शनात त्या मोजमापांवरून बर्फाच्याच छोट्या प्रतिकृती बनवल्या. त्या प्रेक्षकांसमोर वितळत. हिमखंडाची नोंद जपता येते, हिमखंड नाही, हे सांगायला वेगळी पाटी लागत नव्हती.

मग धोका कुठे आहे?

हेच तंत्रज्ञान चालकरहित गाड्यांमध्ये आहे आणि २०२० पासून आयफोनच्या प्रो मॉडेल्समध्येही. शरीराचं अचूक मोजमाप म्हणजे ओळखीचा पुरावाही ठरू शकतो. लियम यंग यांचा 'व्हेअर द सिटी कान्ट सी' (२०१६) हा लघुपट पूर्णपणे लेझर स्कॅनरने चित्रित झाला. त्यातली तरुण मंडळी स्कॅनरला चकवणारे कपडे घालून शहरात फिरतात.

भोवतालात मिसळून जाणं आणि यंत्राच्या नजरेत सापडणं, दोन्ही त्याच ठिपक्यांनी होतं. फरक एवढाच, की ते ठिपके कोण आणि कशासाठी गोळा करतं.