तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं

"मशीन आहे, चुकेल कसं? तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं." इंदुरातल्या मराठी घरांत आजी-आजोबांच्या तोल जाण्याचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. मोबाइलमधलं ॲप असो की कमरेला बांधायचा सेन्सर, आकडा हिरव्या रंगात आला की घरचे निर्धास्त होतात.

तीनदा तेच येणं ही झाली विश्वसनीयता. आलेलं खरं असणं ही वैधता, आणि ती वेगळी तपासावी लागते. काटा दर वेळी ५० ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर शेव दहादा तोलली तरी चूक तेवढीच राहणार!

'टाइम्ड अप अँड गो' ही चाचणीच पाहा. अनेक डिजिटल साधनं तिच्यावरच उभी आहेत. आजी खुर्चीत बसलेल्या, तीन मीटरवर खडूची रेघ. उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. लागलेले सेकंद मोजायचे. वळताना पावलं आखूड होतात, हात नकळत भिंतीकडे जातो. नुसत्या सेकंदांत हे उतरत नाही.

पॉडसियाड्लो आणि रिचर्डसन या संशोधकांनी १९९१ मध्ये ही चाचणी ६० वृद्ध रुग्णांवर तपासली. वेगवेगळ्या परीक्षकांनी नोंदलेल्या वेळा जवळजवळ तंतोतंत जुळल्या. विश्वसनीयता उत्तम. पण 'बीएमसी जेरियाट्रिक्स'मध्ये २०१४ साली आलेल्या आढाव्यानं अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये '१३.५ सेकंदांहून जास्त लागले तर धोका' या मर्यादेनं पडणाऱ्या दर १०० जणांपैकी सुमारे ३१ जणच हेरले. बाकीचे ६९ 'सुरक्षित' ठरले होते. याच चाचणीला सेन्सर जोडला की सेकंदाचे शंभर भाग मिळतात, भाकीत आपोआप सुधारत नाही. माणूस पडतो तो ओल्या मोरीत, रात्री अंधारात उंबरठ्याला अडखळून, रक्तदाबाची गोळी घेऊन झटकन उठल्यावर. तपासणीच्या खोलीतल्या कोरड्या, सपाट फरशीवर यातलं काहीच नसतं.

विश्वसनीयता तपासण्याचीही रीत आहे. तीच माणसं, तीच खुर्ची, तीच पादत्राणं, मध्ये काही दिवसांचं अंतर, दोन स्वतंत्र परीक्षक. आणि तपासायचं वृद्धांवरच, कॉलेजच्या धडधाकट मुलांवर नव्हे. यातून साधनाची स्वतःची चूक किती, ते कळतं. ती एक सेकंद असेल, तर १३.१ वरून १२.४ ला आलेल्या आजोबांना 'सुधारणा' म्हणून पेढे वाटू नयेत.

असेच आणखी काही गैरसमज. "दोन यंत्रांचा सहसंबंध ०.९ आहे, म्हणजे ती सारखीच." नाही. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की सहसंबंध म्हणजे एकवाक्यता नव्हे.

"स्मार्ट घड्याळ माणसाला पडण्यापासून वाचवतं." पडल्यावर हाक देणं आणि पडण्याआधी धोका ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत.

"फोन घरात आहे, तो मोजतोच." आयफोनला चालण्याची स्थिरता मोजायला तो कमरेजवळच्या खिशात लागतो. साडी नेसणाऱ्या आजींचा फोन पिशवीत नाहीतर टीव्हीशेजारी असतो.

"रुग्णालयात पडण्याच्या धोक्याचे गुण काढले की झालं." दाखल रुग्ण पडतील का, हे वर्तवायला अशी साधनं वापरूच नका, असं ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडून दगावतात, त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. म्हणून ॲप ठेवायचं तर ठेवा, पण आज घरी गेल्यावर आई-बाबांना विचारा, "गेल्या वर्षभरात कधी पडलात का?" उत्तर 'हो' आलं, तर हिरवा आकडा बाजूला ठेवा आणि त्यांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा.